विश्लेषण : बोंडअळीला मारणारे जनुक जिवाणूने घडवले कसे? आणि ते आपल्या शेतात बोथट का झाले?

कपाशीतील बीटी जनुक हा माणसाचा शोध नव्हे. मातीतल्या एका साध्या जिवाणूने किडींशी चाललेल्या दीर्घ झुंजीत ते घडवले, बदलले आणि आपल्या भाऊबंदांना वाटले. माणसाने त्यातली एक-दोन जनुके उचलून कपाशीत घातली. जिवाणूकडे असताना ती आजही किडींना भारी पडतात. आपल्या शेतात मात्र गुलाबी बोंडअळीने त्यांना अवघ्या काही वर्षांत निष्प्रभ केले. हा फरक का पडला?

कपाशीत नेमके काय घडले?

भारतात बीटी कपाशीला मार्च २००२ मध्ये मंजुरी मिळाली. पहिल्या वाणांत ‘क्राय-१एसी’ हे एकच जनुक होते. २००६ पासून त्याच्या जोडीला ‘क्राय-२एबी’ हे दुसरे जनुक असलेले वाण आले. हेच ते बोलगार्ड आणि बोलगार्ड-२. सुरुवातीची काही वर्षे बोंडअळीवरच्या फवारण्या खूप कमी झाल्या. पाहता पाहता देशातील ९० टक्क्यांहून अधिक कपाशी बीटी झाली. देशात कपाशीचे सर्वाधिक क्षेत्र असलेल्या महाराष्ट्रातही दुसरे काही पेरण्याची पद्धत जवळपास संपली.

पण २०१० मध्ये गुजरातमधील चार जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळी पहिल्या जनुकाला दाद देत नसल्याचे जाहीर झाले. पुढच्या चार-पाच वर्षांत दुसरे जनुकही तिने पचवले. २०१७ च्या हंगामात विदर्भ आणि मराठवाड्यात बोंडे फोडली, तर आत कवडी झालेला कापूस आणि किडलेली सरकी, असे चित्र गावोगाव होते. अनेकांनी उभ्या पिकात नांगर घातला. बीटी बियाण्याचा खर्च झालाच होता, त्यावर फवारणीचा खर्च पुन्हा सुरू झाला. 

कीड प्रतिकारक्षम होते, ही गोष्ट नवी नाही. कोडे वेगळेच आहे. हीच विषे बनवणारा जिवाणू मातीत आजही टिकून आहे आणि त्याची विषेही कालबाह्य झालेली नाहीत. त्याला जे जमले ते आपल्याला का जमले नाही, हे समजण्यासाठी या जनुकांचा इतिहास पाहावा लागतो.

बीटी हा जिवाणू सापडला कुठे?

१९०१ मध्ये जपानमध्ये रेशीमकिडे एकाएकी कोसळून मरत होते. शिगेताने इशिवाता या शास्त्रज्ञाने मेलेल्या अळ्यांमधून एक जिवाणू वेगळा केला. दहा वर्षांनी जर्मनीच्या थुरिंगिया प्रांतात एर्न्स्ट बर्लिनर यांना पिठातल्या पतंगाच्या आजारी अळ्यांत तसाच जिवाणू सापडला. त्या प्रांतावरून त्याचे नाव पडले ‘बॅसिलस थुरिंजिएन्सिस’, म्हणजेच बीटी.

हा जिवाणू उपासमार होऊ लागली की बीजाणू तयार करतो. कडक कवचातला हा बीजाणू मातीत बराच काळ तग धरतो. पण बीटीची खासियत अशी की बीजाणूबरोबर तो प्रथिनाचा एक स्फटिकही बनवतो. अळीला मारते ते हे स्फटिकच, हे १९५० च्या दशकात कॅनडातील संशोधकांनी दाखवून दिले. स्फटिक म्हणजे इंग्रजीत क्रिस्टल, त्यावरून या प्रथिनांचे नाव पडले ‘क्राय’. या घराण्यात आतापर्यंत ७० हून अधिक गट नोंदले गेले आहेत. कुणी पतंगवर्गातील अळ्यांना मारते, कुणी भुंगेऱ्यांना, तर कुणी डासांच्या अळ्यांना.

हे विष काम कसे करते? आणि माणसाला का बाधत नाही?

स्फटिकातले प्रथिन मुळात निष्क्रिय असते. अळीने पान खाल्ले की ते तिच्या आतड्यात जाते. माणसाचे जठर आम्लधर्मी असते, तर बोंडअळीसारख्या अळ्यांचे आतडे तीव्र अल्कधर्मी. तिथे स्फटिक विरघळतो. मग अळीचेच पाचकरस प्रथिनाचा नको असलेला भाग कापून टाकतात आणि विष जागे होते.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची. जागे झालेले विष आतड्याच्या पेशींवरील ठरावीक प्रथिनांना जाऊन चिकटते. त्यांना ग्राहक-प्रथिने म्हणतात. कुलपाला किल्ली बसावी तसे हे बसणे असते. किल्ली बसली की विषाचे अनेक रेणू एकत्र येऊन पेशीच्या भिंतीला भोक पाडतात. आतडे फाटते, अळी खाणे थांबवते आणि मरते. मेलेली अळी हे मग जिवाणूचे अन्न बनते.

माणसाच्या पोटात ही कुलपेच नसतात, शिवाय आम्लात हे प्रथिन पचून जाते. पण ‘कुलूप आणि किल्ली’ हाच या विषाचा कच्चा दुवाही आहे. किडीने कुलूप थोडेसे बदलले, की किल्ली निरुपयोगी. त्यामुळे जिवाणूला सतत नव्या किल्ल्या घडवाव्या लागल्या.

विषाचे जनुक जिवाणूने साठवले कुठे?

बीटीचे दोन जवळचे नातेवाईक आपल्याला वेगळ्याच कारणांसाठी माहीत आहेत. एक ‘बॅसिलस सेरियस’. शिजवून बाहेर राहिलेला भात खाल्ल्यावर होणाऱ्या उलट्या-जुलाबांमागे बऱ्याचदा हाच असतो. दुसरा ‘बॅसिलस अँथ्रॅसिस’, म्हणजे जनावरांना आणि माणसांना अँथ्रॅक्स करणारा जिवाणू. या तिघांची जनुके इतकी सारखी आहेत की त्यांना एकच प्रजाती मानावे, असा युक्तिवाद २००० मध्ये शास्त्रज्ञांनी केला होता.

मग एक अळी मारतो, एक पोट बिघडवतो आणि एक जीव घेतो, हे कसे? उत्तर बऱ्याच अंशी प्लाझ्मिडमध्ये आहे. जिवाणूच्या मुख्य गुणसूत्राशिवाय त्याच्याजवळ डीएनएची छोटी-मोठी वेटोळी असतात, ती प्लाझ्मिडे. अँथ्रॅक्सचे विष आणि त्याचे संरक्षक आवरण, दोन्हींची जनुके प्लाझ्मिडांवर असतात. बीटीची क्राय जनुकेही बहुतेक करून प्लाझ्मिडांवरच असतात.

प्लाझ्मिड हे घराच्या भिंतीसारखे पक्के नसते. ते एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात संशोधकांनी बीटीचे प्लाझ्मिड सेरियसकडे जाऊ दिले, तर सेरियसही स्फटिक बनवू लागला. पुढे असेही दिसले की अशी देवघेव आजारी अळीच्या शरीरात सहज घडते. मेलेल्या अळीत वेगवेगळ्या कुळांचे जिवाणू कोट्यवधींच्या संख्येने एकत्र येतात आणि तिथे जनुकांचा आठवडी बाजार भरतो.

शिवाय क्राय जनुकांच्या दोन्ही बाजूंना अनेकदा ‘उडी मारणारे’ डीएनएचे तुकडे आढळतात. हे तुकडे स्वतः जागा बदलतात आणि शेजारच्या जनुकालाही बरोबर नेऊ शकतात. अशा रीतीने एक जनुक एका प्लाझ्मिडवरून दुसऱ्यावर जाते, त्याची दुसरी प्रत तयार होते. मूळ प्रत काम करत राहते, दुसरीत बदल होत गेले तरी चालते. नवे विष जन्माला येण्याची ही एक मोठी वाट आहे.

एका विषापासून इतकी विषे बनली कशी?

१९९१ मध्ये एका क्राय प्रथिनाची त्रिमितीय रचना पहिल्यांदा उलगडली. त्यात तीन ठळक भाग दिसले. पहिला भाग भोक पाडतो. दुसरा आणि तिसरा भाग मुख्यतः कुलूप शोधून त्याला चिकटण्याचे काम करतात.

उत्क्रांतीने या तिन्ही भागांना सारखे वागवलेले नाही. भोक पाडण्याचे तंत्र सगळ्या किडींसाठी जवळपास सारखेच लागते, म्हणून पहिला भाग तुलनेने कमी बदलला. कुलपे मात्र किडीगणिक वेगळी. त्यामुळे दुसऱ्या भागातील टोकाकडच्या वळशांमध्ये भरपूर फरक साचले. हे बदल एकेका अक्षराचे, सावकाश झालेले.

तिसऱ्या भागाची कहाणी याहून वेगळी आहे. शास्त्रज्ञांनी वेगवेगळ्या क्राय जनुकांच्या वंशावळी मांडल्या, तेव्हा पहिल्या भागाची वंशावळ आणि तिसऱ्या भागाची वंशावळ जुळेना. याचा अर्थ, तिसरा भाग काही वेळा अख्खाच्या अख्खा एका जनुकातून दुसऱ्या जनुकात गेला होता. एका ट्रॅक्टरची ट्रॉली सोडून दुसऱ्याला जोडावी, तसा हा प्रकार. अक्षर-अक्षर बदलायला लागणारा काळ त्यात वाचतो आणि एका फटक्यात नव्या किडीचे कुलूप उघडू शकते.

याचे उत्तम उदाहरण आपल्या कपाशीतच आहे. क्राय-१एबी आणि क्राय-१एसी ही दोन विषे पहिल्या दोन भागांत जवळपास जुळी आहेत, पण क्राय-१एसीचा तिसरा भाग परका वाटावा इतका वेगळा आहे. म्हणजे ज्या जनुकावर बोलगार्ड उभे राहिले, ते स्वतःच जिवाणूने केलेल्या अशा अदलाबदलीतून आले असण्याची दाट शक्यता आहे. प्रयोगशाळेत शास्त्रज्ञांनी क्राय-१एबीला दुसऱ्या एका विषाचा तिसरा भाग जोडला, तेव्हा पूर्वी फारशी दाद न देणारी लष्करी अळीच्या कुळातील एक अळीही मरू लागली.

एकाच जिवाणूकडे इतकी विषे कशासाठी?

बीटीचे ‘एचडी-१’ नावाचे कूळ जगभर फवारणीसाठी वापरले गेले. ते हॉवर्ड डलमेज यांना अमेरिकेत ज्या आजारी अळ्यांमध्ये सापडले, त्या होत्या गुलाबी बोंडअळ्या! या एका जिवाणूत क्राय-१एए, क्राय-१एबी, क्राय-१एसी आणि क्राय-२एए अशी अनेक विषे एकत्र असतात. त्यात क्राय-२एबीचे जनुकही आहे, पण ते चालू करणारी कळच नसल्याने ते मूक राहते. बोलगार्ड-२ मध्ये माणसाने दुसरे म्हणून निवडले, ते याच प्रकारचे जनुक.

इतकी विषे बाळगण्याचा फायदा काय, हे डासांवरच्या एका प्रयोगाने स्पष्ट केले. १९७६ मध्ये इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटातील एका डबक्यात बीटीचे असे कूळ सापडले, जे डासांच्या अळ्या मारते. ‘बीटीआय’ या नावाने ते आज भारतासह जगभर वापरले जाते. त्याच्या एकाच प्लाझ्मिडवर अनेक क्राय विषांची आणि ‘सायट’ नावाच्या वेगळ्या घराण्यातील विषांची जनुके आहेत.

अमेरिकेतील जॉर्ज जॉर्जियू आणि मार्गारेट वर्थ यांनी क्युलेक्स डासांच्या पिढ्यान् पिढ्या या विषांवर वाढवल्या. १९९७ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकच क्राय विष दिलेल्या डासांत २८ पिढ्यांमध्ये ९०० पटींहून अधिक प्रतिकारक्षमता आली. तीन क्राय विषे एकत्र दिली, तेव्हा ती सुमारे ९१ पट झाली. आणि सायट विषासह जिवाणूचे पूर्ण मिश्रण दिले, तेव्हा जेमतेम तीन पट!

सायट विषात असे काय आहे? ते कुलूप शोधत बसत नाही, थेट पेशीच्या भिंतीतील स्निग्ध पदार्थांत रुतते. आणि रुतल्यावर ते स्वतःच क्राय विषासाठी कुलपाचे काम करते. डासाने आपले कुलूप बदलले, तरी जिवाणू स्वतःचे कुलूप सोबत घेऊनच येतो. इतकी अचूक जोडी कुणी आखून ठेवलेली नव्हती, ती निवडीतून घडली.

याच्या उलट उदाहरणही भारतातलेच आहे. डासांवर वापरला जाणारा दुसरा एक जिवाणू, तेव्हाचे नाव ‘बॅसिलस स्फेरिकस’, मुख्यतः दोन तुकड्यांच्या एकाच विषावर अवलंबून असतो. १९९० च्या दशकात कोचीत त्याचा सलग वापर झाला आणि तिथल्या डासांनी त्याला मोठ्या प्रमाणावर दाद देणे बंद केले.

मग प्रत्येक जिवाणूच विषारी का नाही?

कारण विष फुकटात बनत नाही. स्फटिक हा जिवाणूच्या कोरड्या वजनाच्या पाव भागापर्यंत भरू शकतो. एवढी शक्ती विषावर खर्च करणारा जिवाणू वाढीत मागे पडतो. त्यातच, अळी एकदा मेली की ती सगळ्यांचे अन्न होते. ज्याने विष बनवले त्याचे आणि ज्याने हात हलवला नाही त्याचेही. अशा आयतोबांची संख्या मेलेल्या अळीत वेगाने वाढते, हे शेतातल्या प्रयोगांतही दिसले आहे.

मग विष टिकते कसे? जर्मनीतील संशोधकांनी बीटी आणि सूत्रकृमी यांना प्रयोगशाळेत अनेक पिढ्या एकत्र ठेवले. जिथे यजमान आणि जिवाणू दोघेही एकमेकांना उत्तर देत बदलत होते, तिथे विषाचे प्लाझ्मिड टिकले आणि त्याच्या प्रतीही वाढल्या. जिथे जिवाणूसमोर हे आव्हान नव्हते, तिथे विषाची जनुके गळू लागली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचे सार असे की शस्त्र धारदार राहते ते लढाई चालू असेपर्यंतच. लढाई नसेल तर जिवाणू शस्त्र टाकून मोकळा होतो. आणि आयतोबांचे राज्य झाले की त्या भागात किडीवरचा दाबही कमी होतो, साध्या कुलपाच्या किडी पुन्हा वाढतात. पुन्हा विषाला भाव येतो. निसर्गात दाब असा कमी-जास्त होत राहतो. हा मुद्दा कपाशीकडे परत येताना लक्षात ठेवायचा आहे.

ही कला फक्त बीटीकडेच आहे का?

नाही. ‘फोटोऱ्हॅब्डस’ नावाचा अंधारात मंद चमकणारा जिवाणू मातीतल्या बारीक सूत्रकृमींच्या आतड्यात राहतो. सूत्रकृमी किडीच्या शरीरात शिरतो, जिवाणू बाहेर सोडतो, जिवाणू किडीला मारतो आणि मग दोघेही तिच्यावर जगतात. उसाला त्रास देणाऱ्या हुमणीच्या जैविक नियंत्रणासाठी असेच सूत्रकृमी वापरले जातात. २००३ मध्ये या जिवाणूचा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा तोवर वाचलेल्या कोणत्याही जिवाणूपेक्षा त्यात विषांची जनुके अधिक असल्याचे दिसले. त्यातील काही विषे इंजेक्शनच्या सुईसारखी काम करतात. त्याच घराण्याची जनुके प्लेगच्या जिवाणूतही सापडतात. तो पिसवांमधून पसरतो, हे लक्षात घेतले तर कीटकांशी त्याचे जुने नाते समजते.

थोडक्यात, कीटकांना मारण्याची गरज वेगवेगळ्या जिवाणूंना पडली आणि प्रत्येकाने जनुके उसनी घेत, तोडत-जोडत आपापली उत्तरे शोधली.

मग आपल्या शेतात काय चुकले?

जिवाणूची रीत आणि आपली रीत शेजारी ठेवली की उत्तर दिसते. जिवाणू अनेक विषे एकत्र वापरतो. आपण आधी एक दिले आणि काही वर्षांनी दुसरे. त्यामुळे अनेक ठिकाणी दुसऱ्या जनुकाला एकट्यानेच लढावे लागले. जिवाणूचे जनुक बदलत राहते. बियाण्यातले जनुक गोठवलेले असते. जिवाणू मातीत ठिकठिकाणी, कमी-जास्त असतो; आपण तेच विष लाखो हेक्टरवर, प्रत्येक झाडात, संपूर्ण हंगामभर ठेवले.

किडीवरचा दाब कमी व्हावा म्हणून ‘आश्रय पीक’ हा उपाय सुरुवातीपासून नियमात होता. बीटीच्या पाकिटासोबत नॉन-बीटी बियाण्याची १२० ग्रॅमची पुडी यायची आणि ती शेताच्या कडेने लावायची होती. त्यामागचा तर्क साधा आहे. विषाला पुरून उरणारी अळी लाखांत एखादी असते. तिचा पतंग झाला आणि त्याला जोडीला तसाच पतंग मिळाला, तर सगळी पिल्ले प्रतिकारक्षम. पण शेजारच्या नॉन-बीटी झाडांवर वाढलेले साधे पतंग भरपूर असतील, तर जोडी त्यांच्याशी जमते आणि त्यातून होणाऱ्या मिश्र पिल्लांना बीटी झाड मारू शकते. 

प्रत्यक्षात ती पुडी बहुतेक वेळा बांधावरच राहिली. ज्याची जमीन दोन-तीन एकर, त्याने काही ओळी किडीसाठी सोडाव्यात, असे सांगणे सोपे आणि करणे अवघड. त्या ओळींचा तोटा त्याच्या एकट्याचा, फायदा सगळ्या गावाचा. मेलेल्या अळीतील आयतोबांचे गणित इथे उलट्या बाजूने लागू पडते. अलीकडे बीटी बियाण्यातच नॉन-बीटी बी मिसळून देण्याची पद्धत आली, पण ती येईपर्यंत कीड पुढे निघून गेली होती.

गुलाबी बोंडअळीच्या बाबतीत आणखी तीन गोष्टी नडल्या. एक, ती जवळजवळ फक्त कपाशीवरच जगते. अमेरिकन बोंडअळी, म्हणजे हरभऱ्यावरची घाटेअळी, तूर, हरभरा, टोमॅटो अशा अनेक पिकांवर वाढते. ही पिके तिच्यासाठी आपसूक आश्रय ठरली आणि तिच्यावर बीटी बराच काळ चालले. गुलाबी बोंडअळीला असा आश्रय नव्हता. दोन, हंगाम पुढे सरकतो तसे झाडातील क्राय-१एसीचे प्रमाण घटते, आणि ही कीड नेमकी उशिरा, बोंडे भरताना येते. तीन, भारतात बीटी प्रामुख्याने संकरित वाणांत आले. संकरित झाडाच्या बोंडातील सरकी मिश्र असते, तिच्यातील काही दाण्यांत विष नसते. एका बोंडातून अळी कधी विषारी, कधी बिनविषारी दाणा खात वाढते. जणू प्रतिकाराचे बाळकडूच. त्यातच फरदड घेतली की मार्च-एप्रिलपर्यंत तिच्या ताटात वाढून ठेवलेलेच असते.

भारतातील प्रतिकारक्षम अळ्यांचा डीएनए तपासल्यावर पहिल्या विषाचे कूलूप असलेल्या ‘कॅडहेरिन’ प्रथिनात बिघाड आढळले. दुसऱ्या विषासाठी ‘एबीसीए-२’ नावाच्या प्रथिनात. म्हणजे अळीने दोन्ही कुलपे बदलली होती.

इतर देशांत काय झाले?

गुलाबी बोंडअळीचे पहिले शास्त्रीय वर्णन १८४३ मध्ये भारतातील कपाशीवरच्या नमुन्यांवरून झाले. पुढे ती जगभर पसरली. अमेरिकेत ती शंभर वर्षे होती. तिथल्या ॲरिझोना राज्यातील शेतकऱ्यांनी १९९६ पासून आश्रय पिकाचा नियम बऱ्यापैकी पाळला. २००६ पासून नापीक केलेले पतंग विमानातून सोडण्यात आले. ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेने व्यापारी कपाशीतून ही कीड संपल्याचे जाहीर केले. तीच कीड, तेच विष, पण निकाल उलटा.

चीनचे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे. यांगत्से नदीच्या खोऱ्यात लहान शेतकरी स्वस्त पडते म्हणून संकरित बीटीचे दुसऱ्या पिढीचे बियाणे पेरू लागले. त्यात साधारण चौथा हिस्सा झाडे आपोआप नॉन-बीटी निघतात. कुणी सक्ती न करता शेताशेतात आश्रय तयार झाला. वाढत चाललेली प्रतिकारक्षमता मागे फिरली, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ११ वर्षांच्या अभ्यासात दिसले.

नवे विष शोधून प्रश्न सुटेल?

वेळ मिळेल, सुटणार नाही. अमेरिकेतील डेव्हिड लिऊ यांच्या गटाने २०१६ मध्ये उत्क्रांतीच प्रयोगशाळेत आणली. क्राय-१एसीच्या जनुकात झपाट्याने बदल घडवत आणि निवड करत त्यांनी त्याला कोबीवरील एका अळीच्या नव्या कुलपाला बसवले. प्रतिकारक्षम झालेल्या अळ्यांवर हे सुधारित विष मूळ विषापेक्षा ३३५ पटींपर्यंत प्रभावी ठरले. बीटीकडेच ‘व्हीआयपी-३’ नावाची आणखी विषे आहेत. ती स्फटिकात नसतात, जिवाणू वाढत असतानाच बाहेर सोडली जातात आणि वेगळ्या कुलपांना चिकटतात. १९९६ मध्ये ती उजेडात आली आणि काही देशांत पिकांतही वापरली जातात.

पण नवे विष आणून जुन्याच रीतीने वापरले, तर जुनाच निकाल हाती येईल. उत्क्रांती दोन्ही बाजूंना चालते. प्रयोगशाळेला नवे जनुक शोधायला आणि मंजूर करून घ्यायला वर्षे लागतात. बोंडअळीची मात्र एका हंगामात अनेक पिढ्या होतात.

शेतकऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ काय?

बीटी बियाण्याला औषध न समजता, झिजणारे हत्यार समजायचे. आज गुलाबी बोंडअळीविरुद्ध कृषी शास्त्रज्ञ जे सांगतात, त्या प्रत्येक गोष्टीमागे हाच तर्क आहे. कमी कालावधीचे वाण वेळेवर पेरा, म्हणजे कीड जोर धरण्याआधी बोंडे फुटतात. कामगंध सापळे लावा, डोमकळ्या दिसताच तोडून नष्ट करा. फरदड घेऊ नका, पऱ्हाट्या शेतात किंवा बांधावर रचून ठेवू नका, म्हणजे किडीची साखळी तुटते. नॉन-बीटी बी टाकून देऊ नका. यातले एकही काम एकट्याच्या शेतात पुरेसे नाही. पतंगाला बांध कळत नाही, त्यामुळे गावाने मिळून केले तरच त्याचा उपयोग.

नवे वाण आणताना धोरणकर्त्यांनीही जिवाणूकडून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. वेगवेगळ्या तऱ्हेने मारणारी विषे एकामागून एक न देता एकदम द्यावीत, आणि आश्रयाची जबाबदारी अल्पभूधारकाच्या खांद्यावर न टाकता ती बियाण्यातच असावी. मातीतल्या या जिवाणूने एका विषावर कधीच भरवसा ठेवला नाही. आपण लाखो हेक्टरवरील पीक मात्र एक-दोन विषांच्या भरवशावर सोडले, आणि त्याची किंमत कापूस उत्पादक अजूनही मोजतो आहे.